सरकारी कंत्राटदारांचे नेहमीचे प्रश्न: थकीत बिलं, लवाद, काळी यादी आणि बदललेले कायदे

बरीच वर्षं मी छोट्या कंत्राटदारांची बिलं, पत्रव्यवहार आणि दावे बघतो आहे. रस्ते, पाणीपुरवठ्याच्या योजना, शाळाखोल्या यांची कामं घेणारी, सरकारी कार्यालयांना माणसं आणि साहित्य पुरवणारी ही मंडळी. गेल्या काही वर्षांत कायदा त्यांच्या बाजूला बराच सरकला आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक हक्क कुठल्या ना कुठल्या तारखेला बांधलेला आहे, आणि ती तारीख दाखवणारा कागद नेमका कंत्राटदाराकडे नसतो. पुढची उत्तरं त्याच तळमळीतून लिहिली आहेत.

काम होऊन वर्ष उलटलं, बिल निघत नाही. ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आम्हाला लागू होतो ना?

तुम्ही नेमकं काय पुरवता, यावर ते ठरतं. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. उशीर झाला की कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. सरकारी खातं खरेदीदार असलं तरी त्याला यातून सूट नाही.

पण रस्ता, पूल, इमारत अशा बांधकामाच्या ठेक्याचा, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टचा, प्रश्न वेगळा आहे. असे ठेके या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘४५ दिवसांत बिल, नाहीतर तिप्पट व्याज’ हे संदेश वाचून रस्त्याचे ठेकेदार सुविधा परिषदेकडे, म्हणजे या कायद्याखाली थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, धाव घेतात आणि एक-दोन वर्षं वाया घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फर्निचर, औषधं, संगणक, सफाई किंवा सुरक्षा सेवा पुरवत असाल, तर मात्र जरूर जा.

सुविधा परिषदेकडे जाण्यासाठी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) आधीची लागते का?

आधीची असेल तर वादच उरत नाही. गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. करारात लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याचं, वेगळं कलम असलं तरी या कायद्याखालची प्रक्रिया त्यावर मात करते. पण करार होताना तुमची नोंदणी नसेल, तर नंतर नोंदणी करून मागच्या व्यवहाराला हा लाभ मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने उशिरा नोंदणी करणाऱ्यांच्या बाजूने मत मांडलं आणि मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या वादात अडकू नका. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. निविदा भरण्याआधीच ती करून ठेवा.

आपण आता लघु उद्योगात बसत नाही, असं समजून गप्प बसलेलेही बरेच भेटतात. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत, लघु उद्योगासाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. ताळेबंद काढून पुन्हा एकदा बघा.

मग बांधकामाच्या ठेकेदाराने बिलासाठी काय करायचं?

आधी मुदतीचा कायदा बघायचा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. ‘निधी आला की देऊ’ हे ऐकत ती कधी निघून जातात ते कळतही नाही. त्यातून वाचवणारी एक तरतूद आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने आपलं देणं सहीनिशी लेखी मान्य केलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. कार्यालयाकडून येणारं ते ठरावीक पत्र आठवा: ‘आपले देयक निधी उपलब्ध होताच अदा करण्यात येईल.’ खाली कार्यकारी अभियंत्याची सही, वर जावक क्रमांक आणि दिनांक. ठेकेदार हे पत्र वैतागून गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून देतो. वास्तविक बिलाच्या फाइलमधला तो सगळ्यात मोलाचा कागद ठरू शकतो. असं पत्र येत नसेल, तर तुम्हीच थकबाकीचा आकडा लिहून विचारा आणि लेखी उत्तर मागा.

त्याच पत्रात व्याजही मागा. करारात व्याजाचा दर नसेल, तर व्याज कायदा, १९७८ नुसार न्यायालय व्याज देऊ शकतं, पण ते साधारणपणे तुम्ही लेखी नोटीस देऊन व्याज मागितलं त्या तारखेपासून. नोटीसच दिली नसेल तर मधली वर्षं कोरडी जातात. करारात व्याज नाकारणारं कलम आहे का, तेही आधी तपासा. राज्य शासनाविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने हिशेबात धरा, शेवटच्या आठवड्यात वकिलाकडे जाऊ नका.

प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. लिपिकाने ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हटलं, तर टपाल कार्यालयात जाऊन पोचपावतीसह पाठवा आणि ईमेलही करा.

केंद्राच्या कामांत दहा दिवसांत ७५ टक्के रक्कम मिळते म्हणतात. खरं आहे?

नियम तसा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांनुसार चालू बिलाच्या (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलाच्या) देय रकमेच्या किमान ७५ टक्के रक्कम बिल सादर केल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत द्यायची आणि तपासणी करून उरलेली रक्कम २८ कामकाजाच्या दिवसांत. पण या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी आणि संस्थांसाठी आहेत. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे त्या आपोआप लागू होत नाहीत. २०२५ मध्ये महाराष्ट्रभर ठेकेदार थकबाकीसाठी रस्त्यावर उतरले, त्यामागचं दुखणं हेच. अंदाजपत्रकात तरतूद कमी आणि कामांना मंजुरी त्याच्या कितीतरी पट. माझं स्पष्ट मत आहे की राज्यानेही असा कालबद्ध नियम करून तो निविदेच्या कागदपत्रांत घालायला हवा.

साहेबांनी जागेवर तोंडी सांगितलं म्हणून जादा काम केलं. आता ‘मंजुरीच नव्हती’ म्हणतात.

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे शासनाचा करार राज्यपालांच्या (केंद्रात राष्ट्रपतींच्या) नावाने आणि अधिकृत व्यक्तीने लेखी करावा लागतो. तोंडी आदेशाने करार होत नाही. तरीही सगळं संपलेलं नसतं. भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मोंडल या १९६२ च्या निकालापासून हे तत्त्व सरकारलाही लागू आहे.

अडचण असते ती पुराव्याची. एका ठेकेदाराच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. पुराच्या पावसात रात्री फोन आला आणि त्याने मोरीच्या दोन्ही बाजूंना दगडी पिचिंग करून दिलं. रस्ता वाहून गेला नाही. अभियंत्याची बदली झाली आणि नव्या साहेबांना मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापं लिहिण्याच्या सरकारी वहीत) त्या कामाची नोंद दिसेना. त्याच्याकडे फक्त दगडासाठी शासनाला भरलेल्या रॉयल्टीच्या पावत्या आणि मोबाइलमधले तारखेसकट फोटो होते. त्यांच्याच आधारावर पुढे बऱ्यापैकी रक्कम पदरात पडली, पण चार वर्षं गेली. त्या रात्री फोन ठेवल्यावर ‘आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार काम सुरू करत आहे’ असा दोन ओळींचा ईमेल गेला असता, तर एवढं झालं नसतं.

मोजमाप पुस्तकात काय लिहिलंय ते बघू देत नसतील, तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरा. त्यात कागदपत्रांची आणि कामाचीही पाहणी करण्याचा, नमुने घेण्याचा हक्क आहे.

आमच्या बी-१ (राज्याच्या बांधकाम खात्याच्या ठरावीक नमुन्यातल्या) करारात ‘अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम’ असं कलम आहे. म्हणजे लवाद आहे ना?

नाही. विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बी-१ करारातलं कलम ३० हा लवादाचा करार नाही, असं ठरवलं. तो खात्यांतर्गत निर्णय आहे. तो पटला नाही तर दिवाणी न्यायालय गाठावं लागतं.

लवादाचं कलम आहे, पण लवाद (निवाडा देणारी व्यक्ती) खातंच नेमणार. मान्य करायचं का?

आता गरज नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरण संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला: सरकारी-खासगी करारात एकाच पक्षाला लवाद नेमण्याचा अधिकार देणारं कलम घटनेच्या अनुच्छेद १४ चा (समानतेच्या हक्काचा) भंग करतं. सरकारने तयार केलेल्या यादीतूनच लवाद निवडण्याची सक्तीही चालत नाही. तीन लवादांच्या मंडळाबाबत हा निकाल त्या तारखेनंतरच्या नेमणुकांना लागू आहे. एकट्या लवादाच्या बाबतीत २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासूनच हे तत्त्व चालत आलं आहे.

जपायचं एका गोष्टीला. वाद उभा राहिल्यावर ‘या नेमणुकीला आमची हरकत नाही’ अशा पत्रावर तुमची सही मागितली जाते. ती सही म्हणजे हक्क सोडणं. घाईत करू नका.

नव्या निविदांमधून लवादाचं कलमच गायब झालंय. का?

३ जून २०२४ रोजी व्यय विभागाने केंद्राच्या देशांतर्गत खरेदीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लवादाचं कलम सरसकट घालू नये, आणि घातलंच तर ते १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतं ठेवावं, असं त्यात आहे. मोठे वाद मध्यस्थीने, म्हणजे मध्यस्थी कायदा, २०२३ च्या मार्गाने सोडवावेत, नाहीतर न्यायालयात न्यावेत. लवादाचे निवाडे सरकारच्या विरोधात जातात आणि खर्चही फार होतो, ही त्यामागची भावना. मला हा बदल लहान ठेकेदाराच्या हिताचा वाटत नाही. मध्यस्थीच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला उद्याच्या लेखापरीक्षणाची भीती असते, त्यामुळे तो तडजोडीवर सही करायला धजत नाही. निविदा भरण्याआधी वादनिवारणाचं कलम वाचा आणि निविदापूर्व बैठकीत त्याबद्दल लेखी प्रश्न विचारा.

लवादाचा निवाडा आमच्या बाजूने लागला, पण सरकारने न्यायालयात आव्हान दिलं. पैसे अडकले का?

पूर्वी नुसतं आव्हान दिलं की वसुली थांबायची. आता स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि न्यायालय रक्कम जमा करण्यासारख्या अटी घालू शकतं. जुलै २०१९ च्या पाम डेव्हलपमेंट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या बाबतीत सरकार म्हणून वेगळी सवलत नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत २०२१ मध्ये नियम २२७अ आला. निवाड्याला आव्हान दिलं तरी बँक हमी घेऊन ७५ टक्के रक्कम द्यायची, असं तो सांगतो. केंद्राच्या खात्याशी वाद असेल तर या नियमाचा क्रमांक घालून लेखी मागणी करा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आणखी एक. ३० एप्रिल २०२५ च्या गायत्री बालसामी निकालाने न्यायालयांना काही मर्यादित बाबतीत निवाड्यात दुरुस्ती करता येऊ लागली आहे. एखाद्या चुकीच्या भागापायी अख्खा निवाडा रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, ही वेळ त्यामुळे कमी येईल.

काळ्या यादीत टाकण्याचं पत्र आलं. आता सगळं संपलं?

मुळीच नाही. १९७५ च्या इरुशियन इक्विपमेंट निकालापासून नियम पक्का आहे की ऐकून घेतल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी निकालाने पुढचं पाऊल टाकलं: कारणे दाखवा नोटिशीतच ‘काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे’ हे स्पष्ट दिसायला हवं. आलेली नोटीस ओळ न् ओळ वाचा. करार रद्द करण्याबद्दल विचारलं होतं आणि आदेशात भलतीच शिक्षा आली, असं झालं असेल तर तो आदेश टिकणं अवघड. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की करारातल्या साध्या वादासाठी हे टोकाचं हत्यार उपसायचं नसतं. मुदत न लिहिता कायमचं बाद करणंही न्यायालयाला मान्य नाही.

नोटिशीला उत्तर न देणं ही सगळ्यात मोठी चूक. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणून गप्प राहिलेल्या ठेकेदारांना पुढे काही बोलायला जागा उरत नाही.

सर्वात कमी दर आमचा होता, तरी निविदा रद्द केली.

कमी दर आला म्हणून काम मिळण्याचा हक्क तयार होत नाही. पण रद्द करण्यामागे खरं कारण हवं. जुलै २०२४ च्या सुबोधकुमार सिंह राठौर निकालात मनमानीपणे रद्द केलेला ठेका सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. मात्र महामार्ग, पाणी, वीज अशा पायाभूत प्रकल्पांत अडथळा किंवा उशीर होईल अशी मनाई विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २०अ मुळे दिवाणी न्यायालय देत नाही. जायचं तर लवकर जायचं, कार्यारंभ आदेश निघून खोदाई सुरू झाल्यावर नाही.

जीएसटी वाढला तर फरक कोण देणार?

करार काय म्हणतो ते बघा. १८ जुलै २०२२ पासून सरकारला दिलेल्या बहुतेक बांधकाम ठेक्यांवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. ज्यांचा दर ‘जीएसटी वगळून’ होता त्यांना फरक मिळाला. ‘सर्व करांसहित’ लिहून मोकळे झालेल्यांना नफ्यातून भरावा लागला. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा कर बदलल्यास दर बदलण्याचं कलम असेल, तर कार्यालयही कपात मागू शकतं.

अडीच लाखांवरच्या करारांत खातं २ टक्के जीएसटी उद्गम कपात (टीडीएस) करतं. ती रक्कम त्यांनी जीएसटीआर-७ विवरण भरल्यावरच तुमच्या रोख खात्यात दिसते. दर महिन्याला पोर्टलवर बघा. वर्षानंतर शोधायला गेलात तर कपात करणाऱ्या लिपिकाची बदली झालेली असते.

सरकार आम्हाला देत नाही, मग आम्ही आमच्या पुरवठादाराला कुठून द्यायचं?

हे दुखणं खरं आहे, पण कायदा ते ऐकत नाही. आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये पोटकलम (ह) आलं आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला तुम्ही वर सांगितलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. म्हणजे न मिळालेल्या बिलाच्या ओझ्यावर आणखी कर. नुसत्या व्यापाऱ्याला ही तरतूद लागू नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणून खडी क्रशरवाल्याचं उद्यम प्रमाणपत्र मागून ठेवा आणि ४५ दिवसांची मुदत लेखी ठरवा. लेखी नसेल तर १५ दिवसच मिळतात.

नव्या श्रम संहितांनी मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं काय बदललं?

चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता ५० किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होतात. केंद्राच्या जुन्या कायद्यात हा आकडा २० होता. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला बंदी आहे, पण अपवाद बरेच आहेत. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचं. वेतनाची व्याख्याही बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो, आणि त्याबरोबर भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) यांचा हिशेब वाढू शकतो. जुन्या दरपत्रकावरून निविदा भरलीत तर तोटा ठरलेला. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे कार्यालयाने, तो द्यायचा ही जबाबदारी कायम आहे. सफाई कामगार बायका चार-चार महिने पगाराविना राबताना मी पाहिल्या आहेत. बिल थकलं हे त्यांना सांगायचं कारण होऊ शकत नाही.

अनामतीसाठी बँक हमीला पर्याय आहे का?

केंद्राच्या नियमांत २०२२ पासून विमा कंपनीचा जामीन रोखा चालतो. राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निविदेत तो चालेल की नाही, हे त्या निविदेच्या कागदपत्रांतच बघावं लागेल.

मित्राला काम मिळावं म्हणून नुसती दाखवायला ‘सपोर्टिंग’ निविदा भरली. त्यात काय बिघडलं?

खूप बिघडलं. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे संगनमताने बोली लावणं बेकायदा आहे. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय काळ्या यादीची टांगती तलवार. दोन निविदा एकाच संगणकावरून भरल्या, दोघांची अनामत एकाच खात्यातून गेली, असल्या खुणा सहज सापडतात.

टक्केवारी मागितली तर?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण मिळतं. देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवणं अधिक सुरक्षित. त्यांचा टोल फ्री क्रमांक १०६४.

अंतिम बिल देताना ‘कोणताही दावा शिल्लक नाही’ असं लिहून मागतात. द्यावं का?

शक्यतो नको. पण दिवाळी तोंडावर आहे, मजुरांचे पैसे द्यायचेत, तेव्हा सही करावीच लागते, हे मला माहीत आहे. अशा सहीनेही सगळी दारं बंद होत नाहीत. आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दावा खरा असेल तर असं प्रमाणपत्र त्याच्या आड येतंच असं नाही. फक्त दबावाखाली सही केली हे दिसायला हवं. सही करायच्या आधीच्या दिवशी आवकला एक पत्र द्या: अमुक जादा बाबी, अमुक दरफरक, अमुक विलंबाचं व्याज शिल्लक आहे, आणि उद्याची सही हक्क राखून करत आहे. जागा असेल तर सहीच्या शेजारीही ‘हक्क राखून’ लिहा. लिहू दिलं नाही, तर पैसे खात्यात जमा झाले त्याच दिवशी, महिन्याभराने नव्हे, दुसरं पत्र द्या.